एस्टोनियाचा लोकसंख्या नकाशा: ठिपके किती, कुठे आणि वर्तुळ कसे कापायचे

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी युरोपातला छोटा देश हवा असेल, तर एस्टोनिया घ्यावा. 2021 च्या जनगणनेत तिथे 13,31,824 लोक होते. 2011 मध्ये एकट्या नंदुरबार जिल्ह्यात 16,48,295 होते. एस्टोनियाचे क्षेत्रफळ मात्र 45,339 चौ.किमी., खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांपेक्षा बरेच जास्त.

एस्टोनियाच्या पंधरा काउंट्यांचा (म्हणजे जिल्ह्यांचा) कोरा नकाशा घ्या. एक ठिपका म्हणजे 5,000 लोक धरा, एकूण साधारण 266 ठिपके होतील. हार्यू काउंटीला 123 लागतात. त्यातले 87 च्या आसपास एकट्या राजधानी टॅलिनमध्ये जातात, म्हणून ते आधी टाका. हीऊ बेटाच्या वाट्याला दोनच येतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ठिपके काउंटीभर सारखे पसरवणे. तापीकाठ आणि सातपुड्यातले धडगाव एकाच घनतेने दाखवले तर नकाशा खोटा ठरतो, तसेच हे. शहरे, किनारा आणि रस्ते पाहूनच ठिपके द्या. जंगल आणि दलदल मोकळी राहू द्या.

वांशिक रचनेसाठी विभाजित वर्तुळ (पाय चार्ट) काढा. एस्टोनियन 69.1 टक्के, रशियन 23.7 टक्के, उरलेले 7.2 टक्के. टक्केवारीला 3.6 ने गुणा: 248.8, 85.3 आणि 25.9 अंश. बेरीज 360 आली पाहिजे.

इडा-विरू काउंटीचे वर्तुळ वेगळे काढाच. तिथे दर चार माणसांत जवळपास तीन रशियन आहेत. सोव्हिएत काळात तेल-शेलच्या (तेल देणाऱ्या खडकाच्या) खाणी आणि कारखान्यांसाठी बाहेरून कामगार आणले गेले. दुसऱ्या महायुद्धात या काउंटीतले नार्वा शहर उद्ध्वस्त झाले आणि मूळ रहिवाशांना परतू दिले नाही. हे कारण वर्तुळाखाली लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

काउंट्यांची वर्तुळे शेजारी मांडताना त्रिज्या लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवा. हार्यूची लोकसंख्या हीऊच्या सुमारे 72 पट, म्हणून त्रिज्या साडेआठ पट: हीऊला 3 मिमी दिली तर हार्यूला साडेपंचवीस. थेट 72 पट त्रिज्या घेतली तर वर्तुळ कागदावर मावणारच नाही.

वंश, मातृभाषा आणि नागरिकत्व यांचे तीन स्वतंत्र रकाने करा. अहिराणी बोलणारे सगळे एकाच समाजाचे नसतात. एस्टोनियातही अनेक युक्रेनियन व बेलारूसी लोकांची मातृभाषा रशियन आहे, त्यामुळे रशियन भाषकांचा आकडा रशियन वंशाच्या लोकांपेक्षा मोठा येतो.

सूचीत 2021 हे वर्ष ठळक लिहा. 2022 पासून युक्रेनियन निर्वासित मोठ्या संख्येने आले, त्यामुळे नंतरचे आकडे या नकाशात मिसळले तर बेरीज जुळणार नाही.