रात्री कार्प माशासाठी गळ टाकण्याची जागा उजेडातच मोजून ठेवा

तलावाकाठी रात्र काढायची असेल तर सगळं मोजमाप सूर्य मावळण्याआधी उरका. आधी दोरीला नुसतं शिसं (शिशाचं वजन) लावून टाका आणि तळ चाचपा. शिसं आपटून दोरीतून ‘टक्’ असा झटका हाताला जाणवला की तळ टणक, नुसतं रुतलं की चिखल. टणक जागा सापडली की दोरी रिळाच्या क्लिपमध्ये (दोरी त्यापुढे सुटू न देणारी खाच) अडकवा, जमिनीत 4 मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा आणि क्लिपपर्यंतच्या दोरीचे त्यांच्याभोवती किती वेढे बसतात ते लिहून ठेवा. अंधारात तेवढेच वेढे मोजून दोरी क्लिपमध्ये अडकवली की गळ पुन्हा तेवढ्याच अंतरावर पडतो. दिशेसाठी समोरच्या काठावरचं, आकाशापुढे काळं दिसणारं एखादं झाड धरा.

गळ टाकून झाला की दोरी क्लिपमधून काढायलाच हवी. ती काढायची राहणं ही चूक सगळ्यात महागात पडते: मासा धावतो, दोरी सुटत नाही आणि तुटते, किंवा रॉडच पाण्यात ओढला जातो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरी हाताने ओढल्यावर सुटेल इतका सैल ठेवा. दोरी तुटलीच, तर शिसं माशापासून सुटून पडेल अशी सेफ्टी क्लिप वापरा. जाळी आणि मासा ठेवायला ओली केलेली चटई हाताशीच असू द्या.