नेट-एसएनएमपीत हँडलरची साखळी कशी लावायची

बेळगावच्या उद्यमबागेतल्या नेटवर्क स्विचसाठी नेट-एसएनएमपी (एसएनएमपी प्रोटोकॉलनं नेटवर्कमधली उपकरणं दुरून बघायचं सॉफ्टवेअर) वापरून एजंट, म्हणजे मागेल त्याला स्विचची माहिती देणारा प्रोग्रॅम, लिहायलोय, तर एकच सांगतो, सगळं एका फंक्शनात कोंबू नका की. प्रत्येक हँडलरला, म्हणजे आलेली रिक्वेस्ट हाताळणाऱ्या तुकड्याला, एकच काम द्या, झालं की रिक्वेस्ट पुढच्याकडं ढकला. वर बल्क-टू-नेक्स्ट, तो गेटबल्कचे (एकदम बऱ्याच व्हॅल्यू मागणं) गेटनेक्स्ट (पुढची एकेक व्हॅल्यू मागणं) करून देतो, मग रीड-ओन्ली, आलेला सेट (व्हॅल्यू बदलायची रिक्वेस्ट) तिथंच नाकारून परत, आणि तळाला खरा डेटा देणारा. इंजेक्ट केलेला, म्हणजे साखळीत घातलेला, नवीन हँडलर सगळ्यात वर बसतो, म्हणून उलट्या क्रमानं घाला, माझे दोन दिवस इथंच गेले बघा. सेट द्यायचाच असेल तर रीड-ओन्ली काढा, व्हॅल्यू रिझर्व्हच्या (बदलाआधीच्या तयारीच्या) टप्प्यातच तपासा, अ‍ॅक्शनला (प्रत्यक्ष बदल करताना) फेल झालं तर अनडू (बदल मागं घ्यायचा टप्पा) येतंय, तेव्हा जुनी व्हॅल्यू आधीच जपून ठेवा.