‘सौभद्र’ पुन्हा पुन्हा कसे पाहावे

‘संगीत सौभद्र’चा प्रयोग मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात, आईच्या शेजारच्या खुर्चीत बसून. तिच्या मांडीवर पदांची एक जुनी पुस्तिका उघडी होती. पाने पिवळी पडलेली, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आणि काही पदांपुढे पेन्सिलीने केलेल्या बारीक फुल्या. नाट्यगृहातल्या अंधारात तिला त्यातले एक अक्षरही दिसत नव्हते, पण पान मात्र ती बरोबर वेळेवर उलटत होती. ती पुस्तिका आता माझ्याकडे आहे. तेव्हापासून हे नाटक मी जमेल तिथे आणि जमेल तेव्हा पाहत आलो आहे. ज्यांना ते पहिल्यांदा पाहायचे आहे, किंवा एकदा पाहून झाल्यावर पुन्हा पाहावेसे वाटते आहे, अशा आपल्या गावातल्या रसिकांसाठी माझी पद्धत येथे लिहून ठेवत आहे.

प्रयोगाला जाण्यापूर्वी नाटकाची संहिता एकदा तरी वाचावी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक पुस्तकरूपाने सहज मिळते. विकत घ्यायचे नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करावी. वाचताना पदे गाळून केवळ संवाद वाचण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. भाषा जुनी असली तरी गोष्ट अगदी घरातली आहे. थोरल्या भावाने, म्हणजे बलरामाने, बहिणीचे, सुभद्रेचे, लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे. बहिणीच्या मनात अर्जुन आहे. आणि धाकटा भाऊ श्रीकृष्ण वरवर काहीच न केल्यासारखे दाखवून सगळी सूत्रे हलवतो आहे. संन्याशाचा वेष घेतलेल्या अर्जुनाला बलराम स्वतःच मोठ्या आदराने घरी आणतो आणि त्याच्या सेवेला सुभद्रेलाच ठेवतो. हे प्रेक्षकाला ठाऊक आणि बलरामाला ठाऊक नाही, यावर नाटकाचा अर्धा आनंद उभा आहे, आणि म्हणूनच गोष्ट आधी कळल्याने येथे रसभंग होत नाही, उलट रस वाढतो. पहिला प्रयोग झाला तेव्हाही महाभारतातली ही कथा प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला पाठच असणार.

पाच अंक एका दमात वाचणे ज्यांना जड जाईल त्यांनी पहिले तीन अंक वाचून थांबण्यास हरकत नाही. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तो पहिल्या तीन अंकांचाच होता. उरलेले अंक पुढच्या वर्षी रंगमंचावर आले. तेव्हाच्या प्रेक्षकांनी सुभद्रेला मधेच सोडून घरी जाणे सोसले, तसे आपणही दोन दिवस सोसावे. चौथ्या अंकाची ओढ त्यामुळे किती वाढते, याचा अनुभव मी घेतलेला आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ‘सौभद्र’ पाहायला जाणारे बरेच जण गाणी ऐकायला जातात. पद सुरू झाले की सावरून बसतात आणि पद संपून संवाद सुरू झाला की शेजाऱ्याशी बोलू लागतात. माझे म्हणणे असे आहे की या नाटकातले पद हे त्या पात्राच्या बोलण्यातलेच एक वाक्य असते, आणि ते कोणत्या वाक्यानंतर आले, हे ज्याने ऐकले नाही त्याने ते पद निम्मेच ऐकले. त्यामुळे लक्ष द्यायचे ते बोलणे जिथे गाण्यात मिसळते त्या सांध्यावर. चांगला नट तिथे थांबत नाही, घसा साफ करत नाही, ऑर्गनवाल्याकडे पाहत नाही. संवादाचा शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला शब्द एकाच श्वासात येतात, आणि पदाला सुरुवात झाली हे आपल्याला अर्धी ओळ होऊन गेल्यावर कळते.

उदाहरण म्हणून चौथ्या अंकातला रुक्मिणी आणि श्रीकृष्ण यांचा प्रवेश घ्यावा. रुक्मिणी रागावली आहे. ‘नच सुंदरि करु कोपा’ हे पद मैफलीत वेगळे गायले जाते तेव्हा ते प्रेमगीत वाटते, पण नाटकात ती रागावलेल्या बायकोची समजूत आहे आणि समजूत घालणाऱ्याची बाजू फारशी भक्कम नाही. ‘नारी मज बहु असती, परि प्रीती तुजवरती’ ही ओळ ज्याच्या तोंडी आहे त्याला ती अशी म्हणावी लागते की रुक्मिणीला पटावे आणि प्रेक्षकाला हसू यावे. या ओळीवर एकाने लांबलचक तान घेतलेली मी ऐकली आहे; टाळ्या भरपूर पडल्या, पण त्या तानेच्या काळात रुक्मिणी बिचारी रागावण्याचेच विसरून उभी राहिली होती. दुसऱ्या एका प्रयोगात नटाने ‘परि’ या शब्दावर किंचित थांबून तिच्याकडे पाहिले आणि मगच पुढचे शब्द सोडले, तेव्हा रुक्मिणीची मान आपोआप वळली. तान त्याच्याही गळ्यात होती, हे पुढच्या पदात कळले.

त्याच प्रवेशात रात्र सरत येते आणि ‘प्रिये पहा’ सुरू होते. पहाट झाली एवढेच त्यात सांगितलेले आहे. ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’ या शब्दांसाठी निवडलेला देसकार हा राग सकाळचा आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच आहेत, सा, रे, ग, प आणि ध. पण संध्याकाळनंतर गायल्या जाणाऱ्या भूपात गंधार, म्हणजे ग, महत्त्वाचा, तर देसकारात धैवत, म्हणजे ध. ज्यांना रागदारीची ओळख नाही त्यांनी प्रयोगाच्या आधी आठवडाभर, एक दिवस भूप आणि एक दिवस देसकार, असे ऐकून पाहावे. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एकात दिवस मावळतो आणि दुसऱ्यात उजाडते, एवढे कानाला कळले की पुरे. हे पद गायक-नट छोटा गंधर्वांच्या गळ्यातून महाराष्ट्राच्या घराघरात पोचले आणि त्यांचे ध्वनिमुद्रण आजही सहज ऐकायला मिळते. मात्र जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयी एक सावधगिरी बाळगावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, त्यामुळे त्या काळच्या गायकांना पदे आवरून गावी लागली. रंगमंचावरचे पद त्या मापाने मोजू नये.

नाट्यगृहात लवकर पोचावे, हे सांगण्याची गरज नसावी, पण सोलापुरात ती आहे. तिसऱ्या घंटेनंतर होणारी नांदी हा नाटकाचाच भाग आहे; पडद्याआड सगळे कलावंत एकत्र उभे राहून गातात आणि पडदा वर जाताना त्या सुरांनी सभागृह भरते, तो क्षण चुकला तर पुढचा अर्धा तास मन स्थिर होत नाही. पहिल्याच अंकात नारदाचे ‘राधाधर मधुमिलिंद’ येते, आणि उशिरा आलेल्यांच्या मोबाइलच्या उजेडात खुर्च्यांचे क्रमांक शोधले जात असताना ते ऐकावे लागणे हे मोठे दुःख आहे. जागा निवडताना अगदी पहिली रांग टाळावी. साथीदार कोणत्या बाजूला बसतात हे आधी विचारून, ऑर्गन आणि तबला वाजवणारे हात दिसतील अशी सहाव्या-सातव्या रांगेतली खुर्ची घ्यावी. संगीत नाटकातला तबलजी हा फक्त ठेका धरणारा नसतो, तो नटाचे पाऊलही पाहत असतो. अहमदजान थिरकवांसारखे तबल्यातले महापुरुष बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते, यावरून या जागेचा मान लक्षात यावा.

पदांची पुस्तिका बरोबर न्यावी, पण प्रयोग चालू असताना उघडू नये. आईसारखी ज्यांना पाने पाठ आहेत त्यांची गोष्ट वेगळी. मध्यंतरात पेन्सिलीने दोन शब्द टिपावेत. माझ्या टिपणांत गायकीविषयी फार थोडे आहे. ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणताना सुभद्रा उभी होती की बसलेली, तिची सखी कुसुमावती हिने तिचा हात धरला की नाही, असल्याच नोंदी अधिक आहेत. एकाच पदाच्या चार प्रयोगांतल्या अशा नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की चार निरनिराळ्या सुभद्रा समोर उभ्या राहतात. भाऊराव कोल्हटकरांनी पहिली सुभद्रा उभी केली तेव्हापासून किती जणांनी हे पद गायले असेल! पुरुषांनी गायले, स्त्रियांनी गायले, आणि तरीही कोणाला शरण जावे, हा तिचा प्रश्न दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा वाटतो. निदान मला वाटतो.

आपल्या गावच्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सोपी जावी असे मला वाटते. किर्लोस्करांचे मूळ गाव गुर्लहोसूर आज कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आहे, आणि त्यांच्या पदांत कीर्तनातली साकी-दिंडी ही वृत्ते जशी आहेत तशाच कानडी वळणाच्या चालीही आहेत. माझ्या आईचे माहेर अक्कलकोटकडचे, घरची बोली कानडी. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर मराठी तिच्या जिभेवर बसली ती बरीचशी या पदांमुळे, असे ती सांगत असे. आमच्या शेजारचे आजोबा मागावर काम करणारे, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी हे नाटक कधी वाचलेले नव्हते, पण संध्याकाळी ओट्यावर बसून नारदाचे पद ते असे म्हणत की रस्त्याने जाणारा थबकावा. तेव्हा ज्यांच्या घरात मराठी बोलली जात नाही त्यांनाही प्रयोगाला आवर्जून न्यावे. त्यांना आधी गोष्ट सांगावी, शब्दार्थ सांगत बसू नये. मुलांच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. दादा, ताई आणि ठरवलेले लग्न एवढ्यावर ती दोन अंक सहज बसतात, आणि घटोत्कच तर त्यांना हमखास आवडतो.

प्रयोगाची जाहिरात दिसली की आयोजकांना एक प्रश्न अवश्य विचारावा, की कोणते प्रवेश ठेवले आहेत. मूळ नाटक रात्रभर चालावे एवढे मोठे आहे, पदांची संख्या शंभराच्या वर जाते, त्यामुळे आजचा तीन तासांचा प्रयोग काटछाट करूनच उभा राहतो आणि त्यात काही गैर नाही. पण एकदा सभागृहाची वेळ संपत आली म्हणून ऐन वेळी रुक्मिणीचा सगळा प्रवेशच गाळला गेला. ‘प्रिये पहा’ ऐकण्यासाठी मी पंढरपूरहून मामांना बोलावून घेतले होते. ते काही बोलले नाहीत, पण बाहेर पडताना स्कूटरपाशी बराच वेळ किल्ली हातात धरून उभे राहिले. तेव्हापासून मी आधी विचारतो, आणि भाषणे व सत्कार प्रयोगाच्या सुरुवातीला ठेवू नयेत अशी विनंतीही करतो. दहा-पंधरा रसिकांनी मिळून, तिकिटे घेतानाच अशी विनंती केली तर ती मानली जाते.

वर्षभरात गावात प्रयोग लागला नाही तर पुण्याला जावे. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस जाण्यासाठी उत्तम. परतीची हुतात्मा मात्र संध्याकाळीच निघते, म्हणून रात्रीचा प्रयोग असेल तर मुंबईहून येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे पुणे-सोलापूर आरक्षण आधीच करून ठेवावे. ती पुण्यात मध्यरात्रीनंतर येते. नाट्यगृहातून निघाल्यावर स्टेशनवर बसायला बराच वेळ मिळतो, त्या वेळात टिपणे पुरी करावीत, कारण झोप झाली की बारकावे पुसट होतात. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असावी. गाडीत जमल्यास खिडकीजवळचा बर्थ घ्यावा आणि कुर्डुवाडी गेल्यावर जागे व्हावे. मोहोळच्या आसपास डब्यातले दिवे फिके दिसू लागतात, ज्वारीच्या रानांवरून गार वारा आत येतो, आणि ‘दीपतेज मंद होत’ ही ओळ आपण कधी गुणगुणायला लागलो ते कळत नाही. समोरच्या बर्थवरचे प्रवासी झोपलेले असतात, तेवढे भान ठेवून हळू आवाजात म्हणावी.