पार्किन्सन आहे ना, मग सही नीट येते तोवर हे कागद उरकून घ्या

पार्किन्सनमध्ये माणूस एका रात्रीत आडवा होत नाही, वर्षं मिळतात, अन् त्याच्यामुळंच घरचे सगळे "बघू की पुढं" म्हणत बसतात. पण आवाज बसत चाललेला असतो, अक्षर बारीक होत चाललेलं असतं, काहींना पुढं विसरायला होतं, भास होतात. मग डॉक्टर जेव्हा विचारतात की यांची इच्छा काय होती, तेव्हा सांगणाराच गप्प झालेला असतो. म्हणून लिव्हिंग विल, म्हणजे पुढं आपल्याला सांगता येईना झालं तर कोणते उपचार पाहिजेत अन् कोणते नको हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करायचं तर लवकर करा, अन् सहीला जायची वेळ गोळीचा असर चांगला असताना, अंग मोकळं असताना ठरवा. डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं घेतलं तर पुढं कुणी खुसपट काढत नाही.

आधी बोलणं. विषय काढला की आई म्हणणारच, "काहून असलं अभद्र बोलायलास?" म्हणून मरणाचं विचारूच नका, नेमकं विचारा: गिळता येईना झालं तर नाकातून नळी चालेल का, मशीनवर ठेवलेलं चालेल का, शेवटी दवाखाना पाहिजे का घर. हे प्रश्न हवेतले नाहीत बरं का. घास किंवा पाणी फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हे पार्किन्सनमध्ये जीव जाण्याचं मोठं कारण आहे, त्यामुळं नळी अन् व्हेंटिलेटर ह्या दोन गोष्टी कधी ना कधी समोर येऊ शकतात. अन् नळी टाकली म्हणून न्यूमोनिया थांबेलच असं नाही, लाळ आत जायची ती जातेच. माझं मत विचाराल तर नुसतं "नळी नको" असं लिहू नका, "आठवडाभर टाकून बघा, फरक नाही पडला तर काढा" असंही लिहिता येतं, अन् घरच्यांना ते पाळणं सोपं जातं.

आता कागद. सुप्रीम कोर्टानं 2018 ला लिव्हिंग विल मान्य केलं तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी 2023 मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार, शक्यतो घरच्यांपैकी नसलेले, अन् नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर भागतं. तुमच्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं टाका, एकापेक्षा जास्त टाकता येतात. एकेक कॉपी त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, अन् एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. तिथल्या बाबूला हे माहीत नसलं तर निकालाची प्रिंट दाखवा अन् पोच घेतल्याशिवाय उठू नका. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

हे इंजेक्शन देऊन मारणं नाही, पावण्यारावळ्यांना हे आधीच सांगून ठेवा. पेशंटला स्वतः ठरवता येत नाही अन् बरं व्हायची आशा नाही, असं झाल्यावरच हा कागद चालतो. त्यातही आधी दवाखान्याचं डॉक्टरांचं बोर्ड, मग दुसरं बोर्ड ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला डॉक्टर असतो, अन् मग मॅजिस्ट्रेटला कळवणं.

खरी अडचण कायद्याची नसतीच, ती पुण्याच्या भावाची असते. इथं वर्षानुवर्षं सेवा केलेली सून गप्प उभी अन् पुण्याहून आलेला भाऊ आयसीयूच्या दारात म्हणतो, "पैशाचं बघू नका, सगळं करा." त्याला ते आधीच पेशंटच्या तोंडून ऐकू द्या, व्हिडिओ कॉलवर का होईना. अन् कागद लॉकरमध्ये घालू नका, रात्री ॲम्ब्युलन्स लातूर नाहीतर संभाजीनगरकडं निघाली की लॉकर कोण उघडणार? फोटो दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये पाहिजे.

त्या फाइलीतच एक पान गोळ्यांचं ठेवा, टायमिंगसकट. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, अचानक बंद करायची नसते, जीवावर बेतू शकतं, पण ॲडमिट झाल्यावर "तोंडानं काही देऊ नका" म्हणून नेमकी तीच थांबते. नळीतून देता येईल का हे लगेच विचारा. अन् मोठ्या अक्षरात लिहा: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, भास झाले तर हॅलोपेरिडॉल नको, ह्यानं कडकपणा लई वाढतो. घरीच राहायचं ठरलं असलं तरी हे पान लागतंच, वेदना अन् ताठरपणा शेवटपर्यंत आवरता आला पाहिजे.

शेतीचं मृत्युपत्र वेगळं बरं का, त्याला पण दोन साक्षीदार लागतात. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका, माणसाचं भान गेलं की ते कायद्यानं संपतं. बँकेत सही जुळेना व्हायच्या आधी नवीन सहीचा नमुना द्या, खातं जॉइंट करा.

अन् मेंदूचं डीबीएस ऑपरेशन, म्हणजे मेंदूत तार अन् छातीत तिची बॅटरी बसवायचं, झालं असेल तर त्याचं कार्ड पण फाइलीत ठेवा, कारण छातीतली बॅटरी अंत्यविधीच्या आधी डॉक्टरकडून काढून घ्यावी लागते, आगीत ती फुटू शकते.