पेनड्राइव्हमधील माहिती टिकवायची कशी

लग्नाचे चित्रीकरण करणारे आता सारी छायाचित्रे एका पेनड्राइव्हमध्ये घालून हाती देतात आणि घरची मंडळी तो पेनड्राइव्ह कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवून निर्धास्त होतात. आमच्या घरीही तसेच झाले होते. पाच वर्षांनी तो बाहेर काढला तेव्हा संगणकाने त्याला ओळखले, फाइलींची नावेही दिसली, परंतु कित्येक छायाचित्रे वरून अर्धी उमटत आणि खाली करडा पट्टा सोडून थांबत. पेनड्राइव्ह पडला नव्हता, भिजला नव्हता, कोणी त्याला हातही लावला नव्हता. आणि नेमके तेच त्याच्या दुखण्याचे कारण असण्याचा संभव मोठा आहे.

पेनड्राइव्हमध्ये नॅन्ड फ्लॅश प्रकारची चिप असते, जी जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८० च्या दशकात पुढे आली. तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो आणि त्या भाराच्या पातळीवरून तेथे कोणता अंक आहे हे वाचले जाते. हा भार वर्षानुवर्षांत थोडाथोडा गळतो. २००० साली बाजारात आलेल्या पहिल्या पेनड्राइव्हची क्षमता अवघी ८ एमबी होती. आज तेवढ्याच आकारात शेकडो जीबी बसतात; याचे एक कारण म्हणजे एका कप्प्यात एकाऐवजी तीन-चार बिट (शून्य किंवा एक हे अंक) कोंबले जातात. त्यामुळे दोन पातळ्यांमधील अंतर कमी होते आणि थोडी गळतीही वाचनात चूक घडवण्यास पुरते. पुन्हा पुन्हा लिहिल्यानेही कप्पे झिजतात: एक बिट ठेवणारे कप्पे सुमारे १,००,००० वेळा लिहिणे सोसतात, तर तीन बिट ठेवणाऱ्यांची मर्यादा साधारणपणे हजारांच्या घरात असते.

गळतीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हा मुद्दा नागपूरकरांनी विशेष मनावर घ्यावा. मे महिन्यात, नवतपाच्या म्हणजे अतितप्त नऊ दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पेनड्राइव्ह राहू देऊ नये. वेष्टनावर साठवणीचे तापमान ८५ अंशांपर्यंत चालेल असे छापलेले असले तरी तो आकडा उपकरण बिघडणार नाही एवढेच सांगतो, आतील माहिती किती काळ टिकेल हे नव्हे. गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीपेक्षा तळमजल्यावरील, भिंतीला ऊन न लागणाऱ्या बाजूचे कपाट बरे. कूलरच्या झोतासमोरचे टेबल मात्र टाळावे, कारण त्या दमट हवेने धातूचे संपर्क गंजू शकतात. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवले की ओलाव्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो.

अधूनमधून पेनड्राइव्ह संगणकाला जोडला की तो ताजातवाना होतो, असा समज सर्वत्र आढळतो. त्यावर विसंबू नये. वीज मिळाली म्हणून सामान्य पेनड्राइव्ह जुना भार आपोआप पुन्हा भरेलच याची हमी नसते. खात्रीचा मार्ग असा, की वर्षातून एकदा, शक्यतो थंडीत, सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात, त्या उघडतात याची खात्री करावी, पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि त्याच फाइली त्यावर नव्याने लिहाव्यात. फाइल जशीच्या तशी आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पहिल्या दिवशीच प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइलीतील माहितीवरून काढलेली खूण, जी फाइल बदलली की बदलते) काढून कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणात नोंदवावा आणि दरवर्षी तो ताडून पाहावा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते.

नवीन पेनड्राइव्ह नागपूरच्या बर्डी बाजारातील पदपथावरून घेतलेला असो वा ऑनलाइन मागवलेला, पहिली फाइल ठेवण्यापूर्वी त्याची पूर्ण चाचणी करावी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ५९.६ जीबी दाखवते, ती फसवणूक नव्हे. मोजणीची पद्धत वेगळी असते इतकेच. खरी फसवणूक कंट्रोलरमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपमध्ये, खोटी क्षमता भरून केली जाते. अशा पेनड्राइव्हवर फाइली लिहिल्या गेल्यासारख्या दिसतात आणि प्रत्यक्षात कोठेच उरत नाहीत. विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्ससाठी एफ३ ही मोफत साधने सगळी जागा भरून ती परत वाचतात. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा हे काम रात्री लावून द्यावे.

प्रबंध किंवा अर्ज छापायला झेरॉक्सच्या दुकानात जायचे असेल तर त्यासाठी वेगळा, कमी क्षमतेचा पेनड्राइव्ह ठेवावा आणि त्यात फक्त ती पीडीएफ फाइल असावी. दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या संगणकावरून फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस घरी येणे ही नित्याची गोष्ट आहे. (तसे झाले तर घाबरू नये, मूळ फाइली बहुधा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात.) काम संपल्यावर इजेक्ट करूनच पेनड्राइव्ह काढावा. २०१८ पासून विंडोज १० मध्ये लगेच काढण्याची सोय मुळातच चालू असली तरी फाइल लिहिली जात असताना ओढून काढण्याने होणारे नुकसान त्याने टळत नाही.

ज्याची दुसरी प्रत नाही असे काहीही केवळ पेनड्राइव्हवर ठेवू नये. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारची माध्यमे आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर, ही रीत घरगुती वापरालाही लागू पडते: एक प्रत संगणकात, एक बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. पेनड्राइव्ह यांखेरीज चौथा म्हणून असावा.

एखाद्या दिवशी पेनड्राइव्ह जोडताच ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर ‘रद्द करा’वर क्लिक करावे आणि त्यावर नवे काहीही लिहू नये. दुरुस्तीची आज्ञाही आधी चालवू नये, कारण ती त्याच माध्यमावर बदल करते. प्रथम त्याची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे आतील सगळ्या माहितीची हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि हरवलेल्या फाइली शोधून काढणारे फोटोरेकसारखे मोफत साधन त्या प्रतिमेवर चालवावे. संगणक पेनड्राइव्हला ओळखतच नसेल तर आधी दुसरे पोर्ट आणि दुसरा संगणक वापरून पाहावा. तरीही दाद लागली नाही तर काम माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे सोपवावे, मात्र खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, कारण पुष्कळदा तो पेनड्राइव्हच्या किमतीच्या कित्येक पट निघतो.