वित्त आयोगाचा निधी गावात कुठे लागला, हे कसं तपासाल? (उदाहरण मुळशी तालुक्याचं)

ग्रामसभेत “केंद्राचे किती पैसे आले?” एवढंच विचारलं, की एक आकडा ऐकवला जातो आणि विषय मिटतो. विचारायचं असतं ते हे: बंधित (ठरावीक कामांवरच खर्चायचे) किती, अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे) किती, आणि कोणत्या कामावर गेले?

केंद्राचा निधी कसा वाटायचा याची शिफारस वित्त आयोग करतो. १५ व्या वित्त आयोगाचा कालावधी २०२१-२२ ते २०२५-२६. खालचं गणित या वर्षांच्या हप्त्यांचं आहे. ग्रामपंचायतीला मिळालेल्या रकमेत ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. १० लाख आले असतील, तर ३ लाख पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला आणि ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे. पण त्यातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च चालत नाही. पाण्याचं काम गावात पूर्ण झालं असेल तर तो भाग स्वच्छतेकडे वळवता येतो (उलटही चालतं), मात्र ग्रामसभेने तसं प्रमाणित करावं लागतं. बंधितमधून सिमेंट रस्ता झालेला दिसला, तर पहिला प्रश्न तिथेच विचारा.

आता ई-ग्रामस्वराज पोर्टल (ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्च दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) उघडा. लॉगिन लागत नाही. वर्ष, महाराष्ट्र, पुणे, मुळशी आणि मग आपली ग्रामपंचायत निवडा. एकाच नावाची गावं असतात, म्हणून ग्रामपंचायतीचा कोड जुळवून घ्या. मंजूर आराखड्यातली कामं एका कागदावर उतरवा, शेजारी त्या कामाचं व्हाउचर (पैसे दिल्याची नोंद) लिहा. आराखड्यात नसलेल्या कामाचं व्हाउचर दिसलं, तर त्यावर खूण करा.

पैसे पडून दिसले म्हणून लगेच आरोप करू नका. सरपंच बदलले किंवा डिजिटल सहीची मुदत संपली, तरी पेमेंट अडकतं.

खरी तपासणी मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीत) होते. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. समजा, बंदिस्त गटाराची नोंद ६० मीटरची आहे. दोघांनी टेप धरून मोजा, लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही. चेंबरचं झाकण उघडलं की काँक्रीटची जाडी कडेला दिसते, तीही लिहून घ्या. मोजमापाची तारीख बिलाच्या आधीची आहे ना, हेही पाहा.

पुस्तक दाखवलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. “का केलं?” असं विचारू नका, कागद मागा. व्हाउचर क्रमांक, वर्ष, देयक, मोजमाप पुस्तकाची पानं आणि कामाचे फोटो, एवढं पुरतं. प्रतीचे पानामागे २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

मोजणीत फरक निघाला, तर दोन्ही मापं शेजारी लिहून पौडला पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच हातात घेऊनच निघा.