खिडक्या बदलायच्यात: एकदम की एकेक?

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट १९८९ चा. खिडक्या सात, सगळ्या सागवानी म्हणून घेतलेल्या. त्यातल्या चार उपटल्या तेव्हा कळलं, चारांपैकी साग फक्त दोनच चौकटींना होता.

कोटेशन मागवायच्या आधी पेचकस घ्या. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात टोक दाबा. अडलं तर लाकूड शाबूत. आमच्या हॉलच्या खिडकीत ते भिजल्या पावात जावं तसं बोटभर आत गेलं आणि वाळवीची माती घेऊन बाहेर आलं. स्लायडिंग असेल, तर नुसतं अडकतंय म्हणून खिडकी बदलू नका. रोलर आणि रबर बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येचा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या आधी जातात. आमच्या पश्चिमेच्या चार कुजल्या होत्या, पूर्वेच्या तीन ठणठणीत. म्हणून मी खिडक्या मोजत नाही, भिंती मोजतो. भिंत धरली की तिच्यावरच्या सगळ्या एकदम. चौकट निघाली की प्लास्टर पडतंच. मग गवंडी, पुट्टी, रंगारी. एका खिडकीसाठीही गवंडी दिवसाचीच मजुरी घेतो. शिवाय नव्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना तीन वर्षांनी तोच ब्राऊन पावडर कोटिंगचा (भट्टीत भाजलेल्या रंगाचा) शेड मागा, वेगळाच येतो. एका भिंतीवर ते दिसतं, दोन खोल्यांत कोण बघतंय! घराला रंग काढायचाच असेल, तर मात्र सगळ्याच उरकून घ्या.

काम एप्रिल-मेमध्ये करा. ओल्या भिंतीला फटी बुजवायचं सिलिकॉन धरत नाही. सोसायटीचं पत्र आधी घ्या. माप प्रत्येक खिडकीचं वेगळं घ्यायला लावा, आमच्या जोडीच्या खिडक्यांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. थ्री ट्रॅक, म्हणजे तीन पल्ले सरकतील अशी खिडकी घ्या, तिसरा पल्ला जाळीचा. आणि काच तयार झाल्याशिवाय जुनं काढू देऊ नका. आमच्या फॅब्रिकेटरने, म्हणजे खिडक्या बनवून बसवणाऱ्याने, एका सकाळी चारही उपटल्या, काच आली पाचव्या दिवशी. तोवर ताडपत्री, आणि रात्री ओट्यावर शेजारची मांजर.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. बाहेर गेलं पाहिजे. आमच्या एका खिडकीचं पाणी सोफ्यावर आलं. बाहेरच्या बाजूला भोकं पाडायचीच राहिली होती.

पूर्वेच्या तीन अजून जुन्याच आहेत. जूनमध्ये त्यातली एक फुगते, मग तिला खांदा लावावा लागतो.